अर्ध्या रस्त्यात

सक्करदऱ्याच्या पुढे, शहर संपता संपता, सुहासिनी नगर नावाची वस्ती आहे. वस्तीत जायला एकच रस्ता आणि त्या रस्त्याच्या मधोमध नाल्यावरची पुलिया. पुलियेच्या दोन्ही बाजूंना रस्ता असा फुटलेला, की स्कूटरवर दोघांनी बसून जायची सोय नव्हती. केशवराव तिथं आले की ब्रेक दाबत आणि मान न वळवता म्हणत, "उतर वं." यमुताई उतरत. पुलियेच्या दोन्ही टोकांना एकेक बाभूळ होती. केशवराव एकटे खड्ड्यांतून स्कूटर काढत आणि पलीकडच्या बाभळीखाली इंजिन चालू ठेवून थांबत. यमुताई पदर खोचून, पिशवी काखेत मारून चालत येत आणि पुन्हा मागे बसत. "चला," म्हणत. घर बांधलं तेव्हापासून हे असंच चाललं होतं. नवराबायकोत त्याच्यावर बोलणंही उरलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र यमुताई पुलियेवर बसल्या. चपलेत खडा गेला होता. ऊन सकाळीच चढलं होतं. कठड्यावर बसून त्यांनी चप्पल झटकली, जरा दम घेतला आणि पलीकडे उभ्या असलेल्या केशवरावांना हात केला, थांबा म्हणून. वस्तीतल्या चारदोन माणसांनी ते पाहिलं.

दोघं कन्हानला चालले होते, यमुताईंच्या माहेरी. उन्हाळ्याच्या कुरड्या घालायच्या होत्या. मोठ्या रस्त्यावर एका ओळखीच्या दुकानाशी स्कूटर ठेवून त्यांनी बस पकडली. कन्हानला यमुताईंनी भावजयीबरोबर गच्चीवर कुरड्या घातल्या, भावाची थट्टा केली, पोटभर जेवल्या. मग आईच्या जुन्या लाकडी पलंगावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "जरा पडते. चहाले उठवा."

चहा केशवरावांनीच केला. भावजय गच्चीवर कुरड्या झाकत होती. ते कप घेऊन पलंगाशी गेले. यमुताई उठल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाला, झोपेतच हृदय थांबलं, कळलंही नसेल. चेहरा दुपारी झोपलेल्या बाईचाच होता. गालाखाली हात होता. दहन तिथंच, नदीकाठी झालं. या दोघांना मूलबाळ नव्हतं, म्हणून यमुताईंचे भाऊ गणपतराव यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि तेरवीपर्यंत केशवरावांना ठेवून घेतलं.

वस्तीतून एकटे चंपतराव आले होते. घाटावर आले आणि घाटावरूनच परत गेले. चंपतराव म्हणजे वस्तीच्या समितीचे अध्यक्ष. गावाकडची शेती मुलांच्या हवाली करून इथं राहायला आलेला, मोठ्या आवाजाचा, मनानं चांगला माणूस. त्यांनी केशवरावांचे खांदे धरले आणि विचारलं, "काय झालं गा असं एकाएकी?"

केशवरावांची सगळी नोकरी कोळशाच्या डेपोवर, ट्रक तोलायच्या धरमकाट्यावर गेलेली. भरलेला ट्रक यायचा, काटा जे दाखवील ते सांगायचं, पुढचा ट्रक. जास्त बोलायची सवय नव्हती. त्या वेळी तोंडात एकच वाक्य आलं.

"अर्ध्या रस्त्यात सोडून गेली मले."

बायको गेलेला माणूस असं म्हणतोच. चंपतरावांनी ते ऐकलं, डोळे पुसले आणि आणखी काही विचारलं नाही.

*

तेरवी करून केशवराव परतले, तेव्हा पुलियेच्या अलीकडे त्यांना यमुताई दिसल्या. खांबाला बांधलेल्या फ्लेक्सवर होत्या. पुतण्याच्या लग्नातला फोटो, त्यातून बाजूचे लोक कापून टाकलेले. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'या रस्त्यानं घेतला यमुताईंचा बळी. अजून किती?' आणि खाली, 'सुहासिनी नगर नागरिक कृती समिती.'

केशवराव स्कूटर बंद करून उभे राहिले. फोटोत यमुताई हसत होत्या.

घरी पोचून हातपाय धुतात न धुतात तोच चंपतराव आले. सोबत पेपरचं कात्रण.

"फाइल हलली, केशवराव!" ते खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले. "इतकी वर्षं झाली, हलत नव्हती. वहिनीनं हलवली."

फाइलची गोष्ट वस्तीत सगळ्यांना पाठ होती. रस्त्यासाठी सरकारी निधी मागितला, की रस्तेवाल्या ऑफिसातून शेरा यायचा, या मार्गावर सार्वजनिक वाहतूक नाही, सबब प्राधान्य देता येत नाही. बस मागितली, की बसवाल्या ऑफिसातून शेरा यायचा, रस्ता बस जाण्यालायक नाही. चंपतराव दोन्ही ऑफिसांत चकरा मारून थकले होते. "रस्ता म्हणते आधी बस आण, बस म्हणते आधी रस्ता आण," ते सांगायचे. "मी अर्ज करून राहिलो का सोयरीक जुळवून राहिलो, तेच समजत नाही."

आता मात्र पेपरात फोटो आला होता. जीव गेला असेल तर फाइल वेगळ्या गठ्ठ्यात जाते आणि तो गठ्ठा आधी उघडतात, असं चंपतरावांना आतल्या माणसानं सांगितलं होतं. इंजिनिअर पाहणीला येणार होते. नातेवाइकाचा जबाब घेणार होते.

केशवराव म्हणाले, "चंपतराव, ती रस्त्यात नाही गेली. कन्हानले गेली. माहेरी, झोपेत."

चंपतराव खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, "तुम्हीच तर म्हटलं घाटावर. अर्ध्या रस्त्यात गेली म्हणून."

"ते तसं नाही म्हटलं मी. अर्ध्या रस्त्यात सोडून गेली म्हटलं. मले सोडून. जन्माच्या अर्ध्या रस्त्यात."

"हं." चंपतरावांनी कात्रणाची घडी केली. ती पुन्हा उघडली. "बरं, पुलियेवर बसली होती का नाही वहिनी?"

"बसली होती."

"काहून बसली?"

"चपलेत खडा गेला होता."

"खडा कोणत्या रस्त्याचा होता?"

केशवरावांनी दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं.

"मग?" चंपतराव हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू आवाजात बोलताना कोणी फारसं ऐकलेलं नव्हतं. "उन्हातान्हात म्हातारं माणूस तिथी उतरते, चालते, धापा टाकते. त्याच दिवशी त्याचं हृदय बंद पडते. हे दोन्ही वेगळं आहे, हे डॉक्टर तरी सांगू शकते का? तुम्ही जन्मभर काट्यावर बसले, केशवराव. आता एकडाव जरा झुकतं माप द्या."

चंपतराव गेले. खोटं बोलायचा त्यांचा काही बेत नव्हता, हे केशवरावांना दिसत होतं. त्यांना ते खरंच वाटत होतं. म्हणून तर त्यांच्याशी भांडता येईना.

*

मग कन्हानहून गणपतरावांचा फोन आला. पेपर तिकडेही जातो.

"भाऊजी, हे काय छापून आलं?"

"गैरसमज झाला, गणपतराव."

"कोणाचा? माझ्या बहिणीनं माझ्या घरी जीव सोडला. आईच्या पलंगावर. माझ्या बायकोच्या हातचं जेवून. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणून राहिल्या, यमूनं नशीब काढलं, सवाशीण गेली, माहेरात गेली. अन् तुम्ही तिले पुलियेवर मारली! बेवारस कुत्र्यासारखी!"

"मी नाही लिहिलं ते."

"तुमच्या दारात लागलं ना? काढलं का तुम्ही?"

केशवरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही काढलं ना," गणपतराव म्हणाले. "मग तुम्हीच लिहिलं समजा." आणि फोन ठेवला.

केशवराव तसेच उठून पुलियेवर गेले. फ्लेक्सची दोरी सोडायला हात वर केला, तर खाली हळदकुंकू वाहिलेलं दिसलं. कोणीतरी फुलं ठेवली होती, ताजी. पुलियेलगतच राहणाऱ्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या जिजाबाई काठी टेकत तिथं आल्या, फोटोला हात जोडले आणि केशवरावांना म्हणाल्या, "मोठी पुण्यवान बाई गा. जाता जाता आम्हाले रस्ता देऊन गेली." केशवरावांचा हात दोरीवरून खाली आला. त्यांनीही हात जोडले. दुसरं काय करावं, ते सुचलं नाही.

शेवटी ते शेजारच्या दामिनीकडे गेले. दामिनी त्यांना काका म्हणायची. नवरा नाही, एकच मुलगी, श्वेता, मिहानमधल्या एका कंपनीत कामाला. यमुताईंचं आणि दामिनीचं रोजचं येणंजाणं होतं. कुंपणावरून वाटीत भाजी जायची आणि वाटी रिकामी कधी परत यायची नाही.

"तुले एक सांगाचं आहे," केशवराव दारातच म्हणाले. "तुझी काकू..."

"मले माहीत आहे, काका."

केशवराव उंबऱ्यावरच टेकले.

"काकूंचा फोन आला होता मले. त्या दिवशी दुपारी, कन्हानहून. तुळशीले पाणी घाल म्हणाल्या. कुरड्या पांढऱ्याशुभ्र झाल्या म्हणून सांगत होत्या, भावजयीच्या चिकाले माझ्या हातानं चव आली म्हणे. हसून राहिल्या होत्या." दामिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "चंपतकाकांनी फ्लेक्स लावला तेव्हाच मले समजलं होतं का हे तसं नाही."

"मग बोलली काहून नाहीस?"

"कशी बोलू? श्वेताची कंपनीची गाडी तिले पुलियेच्या तिकडंच सोडून देते. ड्रायव्हर म्हणते, टायर फुटले तर माझ्या पगारातून कापतील. अंधारात पोरगी मोबाइलची बत्ती लावून एकटी येते. तोवर मी दारात उभी राहते. मागं दोन पोट्टे तिच्या मागं मागं आले होते, काकूंले माहीत होतं. काकूच म्हणायच्या, मी मेली तरी हा रस्ता होत नाही पहा."

"तसं म्हणायची ती."

"हो ना. थट्टेत म्हणायच्या." दामिनीचे डोळे भरले. "काका, काकू असत्या तर स्वतःच म्हणाल्या असत्या, घाला माझं नाव. म्हणाल्या असत्या का नाही?"

केशवराव घरी आले आणि याच प्रश्नावर बसून राहिले. असती तर काय म्हणाली असती? आधी वाटलं, म्हणाली असती, मेलेल्या बाईचं नाव कशाले कामी येते, येऊ द्या. मग वाटलं, छे, चिडली असती. चांगलं पोटभर जेवून, आईच्या पलंगावर झोपून गेली होती. असं मरण तिनं कोणाला उसनंसुद्धा दिलं नसतं. इतकी वर्षं ही बाई भाजीत मीठ किती हवं इथपासून बोलत आली, तिचं प्रत्येक मत त्यांना तोंडपाठ होतं. आणि आता नेमकं विचारायचं होतं, तर तिचा आवाज दोन्हीकडून सारखाच ऐकू यायचा. ते घाबरले. ती गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांना वाटलं, की ती खरंच नाही.

*

पाहणीच्या दिवशी सगळी वस्ती पुलियेवर जमली. इंजिनिअर मॅडम तरुण होत्या. टोपी, बूट, हातात फाइल. मोजणाऱ्या माणसांनी फीत धरली, रस्त्याची रुंदी घेतली, नाला पाहिला. मॅडम बाभळीखाली उभ्या राहून लिहीत होत्या. मग त्यांनी केशवरावांना बोलावलं. आवाजात माया होती.

"काका, तुम्हाला त्रास द्यायचा नाही. पण या प्रस्तावाला जीवितहानीच्या कारणानं प्राधान्य मिळालंय. ते कारण टिकलं नाही, तर हा परत पहिल्या गठ्ठ्यात जाईल. मग मीही काही करू शकणार नाही. तुमचा जबाब तुमच्या शब्दांत हवा. काय झालं होतं?"

केशवरावांनी वर पाहिलं. समोर चंपतराव होते, छातीवर हात घट्ट बांधून. जिजाबाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या. दामिनीनं श्वेताचा हात धरला होता, पोरगी काही आता लहान नव्हती तरी. कन्हान तिथून कितीतरी दूर होतं. पण गणपतरावही त्यांना तिथंच उभे असल्यासारखे दिसत होते, पलंगाच्या पायाला हात लावून.

खरं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. निदान घरून निघताना तरी ठरवलं होतं. तोंड उघडलं, आणि आपल्याला खरं एकाच वाक्यात सांगता येतं, हे त्यांच्या लक्षात आलं. घाटावर जे तोंडून निघालं होतं, ते वाक्य. त्याच्याइतकं खरं दुसरं काही नव्हतं. फरक एवढाच, की तेव्हा ते चुकून निघालं होतं.

"अर्ध्या रस्त्यात सोडून गेली मले," ते म्हणाले.

मॅडमनी मान खाली घालून लिहिलं.

"म्हणजे इथंच?"

"इथी बसली होती ती. कठड्यावर."

"आणि तुम्ही?"

"मी तिकडं थांबलो होतो. बाभळीखाली. वाट पाहून राहिलो होतो."

"नेमकी कुठं बसल्या होत्या, दाखवाल का?"

केशवराव चालत कठड्यापाशी गेले आणि हात ठेवला. एका माणसानं डब्यातला लाल रंग घेऊन तिथं फुली मारली. मागून चंपतरावांनी नाक ओढल्याचा आवाज आला. एकही शब्द खोटा नव्हता. केशवरावांनी सही केली. सही करताना यमुताईंचा तो वर केलेला हात त्यांना आठवला, थांबा म्हणून केलेला, आणि यापुढे तो हात आपल्याला कसा दिसणार, हेही त्यांना तेव्हाच समजलं. मागे फिरायला आता रस्ता नव्हता. वस्तीसारखंच. एकच वाट, आणि तिच्या मधोमध ही पुलिया.

संध्याकाळी गणपतरावांचा फोन आला. केशवरावांनी तो वाजू दिला.

*

निधी आला. त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर काम सुरू झालं आणि थंडीत रस्ता झाला. पुलिया रुंद झाली, दिवे लागले. रुंदीकरणात दोन्ही बाभळी गेल्या. भूमिपूजनाला केशवरावांच्या हातून नारळ फोडून घेतला. दोन शब्द बोला म्हणाले, तर ते नुसते हात जोडून उभे राहिले आणि लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. मग बस सुरू झाली. श्वेता आता बसनंच येते. वस्तीत शिरल्यावर शेवटचा थांबा, त्याच्या आधीचा थांबा पुलियेवर. थांब्याच्या पाटीवर काय लिहायचं, हे समितीनं एकमतानं ठरवलं. कोणी केशवरावांना विचारलंही नाही. विचारण्यासारखं काही आहे, असं कोणाला वाटलंच नाही.

वर्षश्राद्ध कन्हानला होतं. गणपतरावांनी बोलावलं नाही. भावजयीनं फोन केला, "भाऊजी, या तुम्ही. हे बोलतील, नाही बोलतील, तुम्ही या."

केशवराव गेले. गणपतरावांनी पाट मांडला, पानात वाढलं, आग्रह केला नाही आणि दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. आतल्या खोलीत पलंग होता तिथंच होता. त्यावर धुतलेली चादर घातली होती. निघताना भावजयीनं कुरड्यांचा डबा हातात दिला. त्याच दिवशीच्या कुरड्या, यमुताईंनी घातलेल्या. वर्षभर कोणी तळल्या नव्हत्या. गणपतराव फाटकापर्यंत आले आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, "पलंग ठेवला आहे मी. कोणाले देणार नाही."

केशवराव म्हणाले, "ठेवा."

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. डबा मांडीवर होता. सक्करदरा मागे पडला, बस नव्या रस्त्याला लागली. चाकाखाली काही जाणवत नव्हतं. कंडक्टर दारात येऊन उभा राहिला आणि रोजच्या सवयीनं ओरडला, "यमुताई! चला, यमुताई उतरा! यमुताई, लवकर उतरा!"

पुढच्या बाकावरच्या जिजाबाई पिशवी काखेत मारून, दांडा धरत धरत उतरल्या. दोनदा घंटी वाजली. बस पुलियेवरून गेली, एक धक्का बसला नाही. पलीकडे, जिथं बाभूळ होती, तिथं केशवराव उठून उभे राहिले. बस थांबेल असं त्यांना वाटलं होतं. ते वाकून मागच्या काचेतून पाहू लागले. जिजाबाई काठी टेकत येत होत्या, दिव्याखालून, अगदी हळूहळू. बस थांबली नाही.

"काका, तुमचं शेवटचं स्टॉप ना?" कंडक्टर म्हणाला. "बसा मग. आता इकडं उतराचं काम नाही."

केशवराव बसले.